बारागाड्यांचा उतार

रामकिसनला वाकून स्वतःच्या पायाचा अंगठा धरता येत नव्हता, आणि तरी तो डोणदरीच्या खंडोबाचा मानकरी होता. अंगठा धरणं लांबच, पोट आडवं येत असल्यानं तो त्याला नीट दिसतही नसे. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून बारा वर्षं खुर्चीत बसून बसून त्याच्या देहाला खुर्चीचाच आकार आला होता.

आणि मानकऱ्याचं काम काय, तर चंपाषष्ठीला बारागाड्या ओढायच्या. बारा बैलगाड्या एकामागे एक साखळीनं बांधायच्या, बैल सोडून द्यायचे, गाड्यांत पोरंबाळं, म्हातारे, पाहुणे कोंबायचे, शेवटच्या गाडीत रोडग्यांच्या टोपल्या आणि भरताची कढई ठेवायची, आणि हे सगळं लटांबर एका माणसानं कमरेला दोर बांधून वेशीपासून देवळापर्यंत न्यायचं. मागून दहापाच जण हात लावत, पण ते हात देवाचे समजायचे अशी रीत होती. देवाला हात किती, हे कुणी मोजत नसे.

नियम तीनच, पण पक्के. गाड्या देवळाच्या अलीकडं थांबल्या तर मान त्या घरातून जातो. गाड्या थांबतील तिथंच पंगत बसते आणि मानकरी तिथल्याच पाण्यानं उपास सोडतो. आणि पंगत उठल्याशिवाय गाड्यांना बैल जुंपायचे नाहीत.

रामकिसनच्या बापानं, कडूबानं, पांढऱ्या मिशा झाल्या तरी गाड्या ओढल्या होत्या. बहात्तरच्या दुष्काळात बैल गेले, गाड्यांची चाकं वाळून खिळखिळी झाली आणि पाठोपाठ कडूबाही गेला. दोन वर्षं जत्रा नुसती नारळावर भागली. चौऱ्याहत्तरला पीक बरं आलं, तसा गावाला देव आठवला.

देवळातल्या बैठकीत रामकिसनचा चुलतभाऊ साहेबराव मुद्दाम उघड्या अंगानं बसला होता. रोज जोरबैठका काढणारा माणूस, मांड्या ओसरीच्या खांबाएवढ्या.

"जमत नसंल तर सांग," तो गोडीत म्हणाला. "मान काय, ह्या घरातून त्या घरात. घरचीच गोष्ट हाय."

रामकिसनला सगळी अक्कल असूनही ही गोष्ट सहन झाली नाही. देवावर त्याचा विश्वास होता तो सरकारी योजनेवर असतो तेवढाच. पण कमरेचा तो दोर बापाच्या घामानं काळा झालेला होता, आणि तो साहेबरावच्या कमरेला बघायची त्याची तयारी नव्हती. "म्या वढतो," तो म्हणाला.

घरी गिरिजाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, हे ऐकलं आणि पिठाचा हात तसाच धरून त्याच्याकडं पाहिलं. "परवा पलंग सरकवायला लावला तं दम लागल्ता. तुमच्यानं गाड्या वढवतेत व्हय?"

"देव वढतो," रामकिसन म्हणाला.

"मंग पलंगाच्या टायमाला कुठं गेल्ता देव?"

रामकिसन दुसऱ्या दिवशी सोसायटीचं काम काढून आष्टीला गेला आणि हायस्कुलाच्या मैदानावर तातेराव मास्तरासमोर उभा राहिला.

तातेराव डोणदरीचाच. ओढ्याकडच्या बौद्ध वस्तीतला, सोनूबाईचा मुलगा. औरंगाबादला शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन आला होता आणि गळ्यात शिट्टी अडकवून पोरांना पळवत होता. गावात रामकिसन त्याला 'काय रे तात्या' म्हणे. मैदानावर पाऊल ठेवताच तोंडातून आपोआप "सर, थोडं काम हुतं" निघालं. माणसाची जीभ त्याच्या कण्यापेक्षा किती लवचीक असते, हे तातेरावला तिथंच कळलं.

त्यानं आधी परीक्षा घेतली. पळायला लावलं, रामकिसन गोलपोस्टापर्यंत गेला आणि ते धरून उभा राहिला. वाकायला लावलं, हात गुडघ्यापर्यंत पोचले. निशाण्या मांडून नागमोडी पळायला सांगितलं; त्यानं निशाण्या तुडवल्या.

"दम न्हाई, लवचिकपणा न्हाई, चपळाई न्हाई," तातेराव शिट्टी फिरवत म्हणाला. "वजन मात्र बराबर हाय. तेच कामाला येईल."

"म्हंजे?"

"तुमचं सगळं वजन खाली, पोटात हाय, भाऊ. वजन खाली असलेला माणूस लवकर कलंडत न्हाई. साहेबरावची ताकद वर, खांद्यात. तो दोर छातीनं वढंल आन् पाय घसरतील. तुम्ही दोर खाली, कमरेच्या हाडावर बांधायचा, पुढं झुकायचं आन् जमिनीला पायानं मागं ढकलायचं. गाडी वढायची न्हाई, जमीन ढकलायची."

आपलं पोट हे वैगुण्य नसून भांडवल आहे, हे रामकिसनला आयुष्यात प्रथमच कुणीतरी सांगत होतं. तो त्या क्षणी मास्तराचा चेला झाला.

मग सुरू झाली तालीम. मैदान सपाट करायचा दगडी रूळ होता, तो कमरेला बांधून रामकिसन शाळा सुटल्यावर ओढू लागला. तातेराव शेजारून चालत व्याख्यान देई. मांसात दोन तऱ्हेचे धागे असतात, तांबडे आणि पांढरे. तांबडे बैलासारखे, सावकाश पण दिवसभर. पांढरे बोकडासारखे, एक उडी जोरात आणि मग बसकण. गाडी जागची हलवायला पांढरे लागतात, पुढं न्यायला तांबडे. "आन् सगळी मेख हलवण्यातच हाय," तो म्हणे. "थांबलेली गाडी जमिनीला चिकटून बसती. एकदा का हालली, की निम्मं काम झालं."

'येळकोट' कधी म्हणायचं हेही त्यानं ठरवून दिलं. श्वास सोडताना 'येळकोट', घेताना गप्प. नाहीतर छातीतली हवा देवाच्या नावावर उगाच खर्ची पडते.

एकदा रूळ नेहमीपेक्षा चांगला पळाला आणि रामकिसन थांबल्यावरही थांबला नाही. मागून येऊन त्यानं टाचा सोलल्या. दोघंही पोट धरून हसले. त्या हसण्यात काय निसटलं, हे पुढं कळायचं होतं.

भूक मात्र कडाडून लागू लागली. तातेराव खेळाच्या सामानाच्या खोलीत नेऊन आपला डबा उघडे. त्यात सोनूबाईच्या हातच्या जाड ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याचं झणझणीत बेसन. पहिल्या दिवशी रामकिसननं दाराकडं पाहिलं. तातेरावनं दार लोटून घेतलं. दुसऱ्या दिवशी दार रामकिसननंच लोटलं. तिसऱ्या दिवसापासून सोनूबाई डब्यात दोन भाकरी जास्त घालू लागली. कुणासाठी, हे तिनं विचारलं नाही आणि मुलानं सांगितलं नाही. खाऊन झालं की रामकिसन तोंड धुवून, मिशा पुसून गावाकडं निघे, आणि वेशीत तातेराव सायकलवरून पुढं गेला तर पुन्हा 'काय रे तात्या' म्हणे. तातेराव घंटी वाजवी आणि जाई.

षष्ठीच्या आधीचे पाच दिवस मानकऱ्याला उपास, आणि षष्ठीच्या दिवशी पाणीही नाही. तातेरावनं हे ऐकून कपाळाला हात लावला. "मांसात साखर साठलेली असती, भाऊ. तीच जळून जोर येतो. पाच रोज उपाशी राह्यलात तं काय जळणार? धोतर?" तेव्हा ते पाच दिवस सोसायटीचं आष्टीचं काम फारच वाढलं, आणि भाकरीबरोबर गूळही येऊ लागला. पाण्याचं मात्र काही करता आलं नाही. षष्ठीला सकाळपासून आख्खं गाव मानकऱ्याच्या ओठांकडं बघत बसतं.

राहिला प्रश्न चाकांचा. चाकांना हळद लावायचा अधिकार एकट्या मानकऱ्याचा. रामकिसन जालन्याहून ग्रीसचा डबा घेऊन आला आणि हळदीच्या आधी प्रत्येक आसाला त्यानं भरभरून ग्रीस चोपडलं. मागं उभ्या बायका म्हणाल्या, "बापापरीस भक्ती हाय याची."

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर होती आणि कुणालाच दिसली नाही. पूर्वी वेशीपासून देवळापर्यंत फुफाट्याची वाट होती, आणि देवळासमोर तर घोट्याच्या वर भुसभुशीत माती. गाड्या बरोबर तिथं येऊन रुतत. खंडोबा आपल्या दारात गाड्या धरतो म्हणून लोक कानाला हात लावत. दुष्काळात सरकारी काम निघालं आणि गावानंच खडी फोडून, मुरूम दाबून तिथं सडक केली. ती वेशीपासून निघून, देवळावरून, खाली ओढ्याकडं बौद्ध वस्तीपर्यंत एकसारखी उतरत गेली. त्या कामावर सोनूबाईही होती. पाणी पाजणारा माणूस इतरांना तांब्या देई आणि सोनूबाईच्या लोकांना ओंजळ करायला लावून वरून धार सोडी. सडक सगळ्यांची एक झाली, पाणी काही झालं नाही.

त्या सडकेवरून गाड्या पहिल्यांदाच निघणार होत्या. देवळासमोरची माती सडकेखाली गेली, म्हणजे खंडोबाचा ब्रेकच गेला, हे मास्तराच्या हिशेबात नव्हतं. दोन महिने दोघांनी एकच घोकलं होतं, गाडी हलायची कशी. थांबायची कशी, हा प्रश्न त्यांच्या घरी कधी आलाच नाही.

षष्ठीला दुपारी रामकिसननं बापाचा दोर कमरेच्या हाडावर आवळला. तोंडाला कोरड पडून जीभ टाळ्याला चिकटली होती. साहेबराव हाताची घडी घालून उभा होता. पहिल्या गाडीत पंच धर्मराज फेटा सावरत बसले होते, शेवटच्या गाडीत टोपल्यांशेजारी गिरिजाबाई. तातेराव देवाला येत नसे. तो लांब, सडकेच्या कडेला सायकल धरून उभा होता.

रामकिसन झुकला. जमीन ढकलली. काहीच झालं नाही, आणि त्या क्षणी त्याला बाप इतका आठवला की डोळ्यांत पाणी आलं. अंगात तेवढंच शिल्लक होतं. मग त्यानं श्वास सोडत "येळकोट!" म्हणून आरोळी मारली, पांढरे धागे, तांबडे धागे, आष्टीच्या भाकरी सगळं एका जागी गोळा केलं, आणि पहिली गाडी करकरली. साखळी ताणली. दुसरी हलली. तिसरी.

"हालली! हालली!" गाव ओरडलं.

रामकिसनला स्वर्ग दोन बोटं उरला. गाड्या लोण्यासारख्या येत होत्या. तो चालू लागला, मग झपझप चालू लागला, मग पळू लागला. लोक भंडारा उधळत म्हणत होते, कडूबा बी असा पळाला नव्हता. देवळाच्या पायरीवर पुजारी ताट घेऊन उभा होता. त्यानं मानकऱ्याच्या अंगावर म्हणून मूठभर भंडारा फेकला, तो आठव्या गाडीतल्या लोकांच्या डोळ्यांत गेला.

"थांब! आलं देऊळ!" धर्मराज ओरडले.

"म्या थांबून राह्यलो! गाड्या न्हाई थांबत!" रामकिसन ओरडला.

आता तो गाड्या ओढत नव्हता, गाड्या त्याला हाकत होत्या. दोराची गाठ घामानं आवळली होती. मागं पहिल्या गाडीचं जू त्याच्या पाठीशी लागलं होतं आणि मागून ढकलणारे देवाचे हात केव्हाच मागं पडले होते. सडक सरळ खाली उतरत होती. कडेनं तातेराव सायकल टाकून पळत ओरडत होता, "नागमोडी भाऊ, नागमोडी! बाजूला व्हा!" रामकिसननं जन्मात केली नव्हती अशी एक उडी डावीकडं मारली. दोर ताणला, गाडीचं तोंड वळलं आणि सगळी वरात वस्तीतल्या पहिल्या घराची मातीची भिंत फोडून गोवऱ्यांच्या ढिगात घुसून थांबली.

कुणाला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. ही देवाची कृपा की गोवऱ्यांची, यावर डोणदरीत आजही दोन पार्ट्या आहेत.

घर सोनूबाईचं होतं. ती अंगणात धान्य पाखडत बसली होती. सुपातलं धान्य उडालं नाही हे आधी बघून ती उठली.

"आम्ही तुमचा देव छप्पन साली सोडला," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आन् तुम्ही त्याला घेऊन आमच्या भिंतीत घुसता? ही भिंत कोन बांधणार? तुमचा खंडोबा?"

रामकिसन गोवऱ्यांत बसला होता. छाती भात्यासारखी चालली होती, जीभ लाकूड झाली होती.

धर्मराज गाडीतून उतरले. कोसळलेला फेटा बांधत ते त्याच्या कानाशी आले. "आईक. दोर सुटला म्हन. गाड्या देवळापस्तोर तू वढल्या, पुढचं मोजायचं न्हाई. मान तुझ्याच घरात राह्यतो. पंगत देवळात करू. चल, उठ. पाणी तिथंच पी."

रामकिसननं वर पाहिलं. देऊळ दिसत होतं. चढ फार नव्हता. साहेबराव धापा टाकत खाली येत होता. एवढं उठून वर गेलं की झालं. दोर घरात, बापाचं नाव घरात. आणि इकडं सोनूबाईच्या दारात रांजण होता, त्याच्यावर पालथा तांब्या.

उगाच कुणी म्हणू नये की त्याला त्या वेळी समता सुचली. त्याला तहान लागली होती. देह जेव्हा एवढा रिकामा होतो तेव्हा खोटं बोलायलाही त्यात ओल राहत नाही.

"मावशी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "भिंत म्या बांधून देतो. पाणी द्या."

सोनूबाईनं त्याच्याकडं पाहिलं, तांब्या बुडवला आणि त्याच्या हातात दिला. तो गटागटा प्यायला. दुसरा मागितला, तोही प्यायला.

"बाटला!" साहेबराव ओरडला. "मानकरी बाटला!"

रामकिसननं मिशा पुसल्या नाहीत. पाणी छातीवर ओघळत होतं. लोटलेल्या दारामागं खाल्लेली एकेक भाकर त्याच्या घशाशी आली होती, आणि तिची त्याला लाज वाटत होती. भाकरीची नाही, दाराची.

"आजचं काय घेऊन बसलास," तो म्हणाला. "दोन महिने ह्या मावशीच्या हातच्या भाकरी खाऊन राह्यलोय म्या. आष्टीला, दार लावून. उपासातबी खाल्ल्या. देवानं एक गाडी वढली न्हाई, साहेबराव. ज्या काही वढल्या त्या ह्या भाकरीनं वढल्या, आन् तातेराव सरांनी वढून घेतल्या."

गावात, सगळ्यांसमोर, त्यानं प्रथमच सर म्हटलं होतं. तातेरावनं गळ्यातली शिट्टी उगाच हातात घेतली आणि खाली पाहिलं.

निकाल लागायला वेळ लागला नाही. मान गेला. रामकिसननं गाठ स्वतःच सोडली. बापाचा दोर कमरेवरून उतरवताना त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. साहेबरावनं दोर तिथंच छातीला आवळला.

"आता गाड्या देवळात न्यायच्या," त्यानं जाहीर केलं. "पंगत देवाम्होरंच बसल."

"बैल जुंपता यायचे न्हाईत," कुणीतरी आठवण केली. "पंगत उठल्याबिगर न्हाई."

"बैल कशाला? म्या हाय ना."

तातेरावला राहवलं नाही. "दोर छातीवर न्हाई, कमरेवर बांधा," तो म्हणाला. "आन् चढ हाय."

"तू नको शिकवू," साहेबराव म्हणाला.

त्यानं बारागाड्यांना पाठमोरा होऊन, खांबाएवढ्या मांड्या रोवून जोर लावला. मांड्या थरथरल्या, कपाळाची शीर उठली, पाय मुरमावरून सरसर घसरले. गाड्या गोवऱ्यांत निवांत बसून होत्या. देवाचे हात आले, त्यांनीही ढकलून पाहिलं. पण देवाचे हात सकाळपासून उपाशी होते. साहेबराव पुन्हा झुकला, पुन्हा घसरला आणि या खेपेला गुडघ्यावर आला.

शेवटच्या गाडीतून गिरिजाबाईनं टोपली उतरवली. "देव वढंल तवा वढंल," ती म्हणाली, "रोडगे गार होऊन राह्यले." तिनं सोनूबाईला विचारून अंगण झाडायला घेतलं आणि पत्रावळी मांडल्या.

ज्यांची घरं जवळ होती त्यांचा धर्म बळकट निघाला; ते तणतणत गेले. लांबचे पाहुणे, पोरं आणि ज्यांना भरताचा वास सहन होईना ते मुकाट्यानं बसले. धर्मराज बराच वेळ नियमाचा कीस काढत उभे राहिले, आणि गाड्या जिथं थांबतात तिथंच पंगत, हा नियम आपल्या आज्यानंच घातला होता असं म्हणत तेही टेकले. वस्तीतली माणसं आधी दारात उभी होती. सोनूबाईनं त्यांना हाक मारली, मग तीही बसली. रामकिसनच्या एका बाजूला तातेराव होता. "मास्तर," रामकिसन रोडगा मोडत म्हणाला, "थांबवायचं कसं ते कामून न्हाई शिकवलं?"

"म्या बी तेवढंच शिकल्तो," तातेराव म्हणाला.

साहेबराव एकटाच दोरात उभा होता. घामानं न्हालेला, ओठ पांढरे पडलेले. मानकऱ्याचा उपास आता त्याला लागू झाला होता, आणि गाड्या थांबल्या जागचं पाणी एकाच रांजणात होतं. त्यानं देवळाकडं पाहिलं. मग रांजणाकडं. सोनूबाई त्याच्याकडंच बघत होती, पण जागची उठली नाही. तिला उन्हात ओंजळ करून धारेची वाट बघायची सवय होती. वाट बघणं काय असतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"मावशी," साहेबराव शेवटी म्हणाला. आवाज कोरडा होता. "घोटभर पाणी."

आणि न सांगता, आपोआप, त्यानं दोन्ही हातांची ओंजळ केली.

सोनूबाई उठली. रांजणातून तांब्या भरला, त्याच्यासमोर आली, आणि क्षणभर त्या ओंजळीकडं बघत राहिली.

"हात खाली घे," ती म्हणाली, आणि तांब्या त्याच्या हातात दिला.